केशवरावांच्या जागेवरची खंजिरी

मी खंजिरी बोलून राह्यली. हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांनी बोलले, आज एकदा स्वतःच्या तोंडानं बोलू द्या.

माझं लाकडी कडं निर्मल गावचं. खेळणी घडवणाऱ्या एका कारागिरानं ते फावल्या वेळात घडवलं आणि खाचांत पितळी चकत्या बसवल्या. त्यावर बकऱ्याचं कातडं ताणून चढवलं ते बोथ गावच्या केशवरावांनी. किराणा दुकान होतं त्यांचं, पण तराजू हातात असतानाही बोटं ताल धरायची. गिऱ्हाईक ओरडायचं, "शेठ, आधी मोजा, मंग वाजवा!"

केशवराव बोथच्या भजनी मंडळात मला वाजवत. त्या मंडळाचं काय सांगू! कोणतं भजन कधी संपेल हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसे. म्होरके नरसिंगराव एक ओळ म्हणत, मृदंगवाला ती उचलून भलतीकडेच नेई, पेटीवाले शामराव मागून धावत जात, आणि मग माझी पाळी. मी उलटं उत्तर दिलं की नरसिंगराव "अरे वा रे वा!" म्हणत तीच ओळ नव्यानं धरत. एकमेकांचं इतकं कान देऊन ऐकणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. घरी बायकोचं ऐकत नसत, तो भाग वेगळा.

मंडळाची एक रीत होती. वाजवणारा गेला की त्याच्या जागी लगेच कोणी बसत नसे. येत्या कोजागिरीला ती जागा खुली होई. ज्याला हवी त्यानं बसावं, पण भजन संपेपर्यंत हात थांबता कामा नये. थांबला, की उठायचं.

केशवराव एका उन्हाळ्यात गेले आणि मी आदिलाबादला त्यांच्या लेकीकडे आले. दमयंती शाळेत बाई होती. दिवसभर पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायची आणि संध्याकाळी दार लावून मला वाजवायची. बापाचे सगळे बोल तिच्या बोटांत होते. तिला ती जागा हवी होती, जीव तुटत होता त्या जागेसाठी. पण त्या बैठकीत आजवर एकही बाई बसली नव्हती.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मीनाक्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हैदराबादचे फोन जोडून द्यायची, आणि चारुशीला दवाखान्यात नर्स होती.

"काऊन घाबरून राह्यली वं?" मीनाक्षी म्हणाली. "नुस्तं आयकाले जाऊ. पिशवीत खंजिरी असली तं कोणाचं काय जाते?"

कोजागिरीला तिघी बोथच्या बसमध्ये बसल्या. खड्डा आला की मी पिशवीत खणकन वाजायची. कंडक्टरनं तेलुगूत विचारलं, काय वाजून राहिलं? चारुशीला गंभीर तोंडानं म्हणाली, "जेवणाचा डबा." मग तिघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. बाप गेल्यापासून दमयंती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

बाजाराच्या ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला चुलीवर दुधाचं पातेलं चढलं होतं. चांदणं लख्ख होतं, पण दव पडायला लागलं होतं, आणि दवाशी माझं वैर आहे. कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग मला विस्तवापासून अंतर ठेवून शेकावं लागतं.

"दे, मी आणते शेकून," चारुशीला म्हणाली आणि मला चुलीपाशी घेऊन गेली. तिथल्या बायांनी तिच्या दुसऱ्या हातात दूध ढवळायचा डाव दिला. तेवढ्यात मंडळ सुरू झालं, आणि अशा रंगात आलं की ही बाई बघतच राहिली. दूध फसफसून वर आलं. ती दुधाकडे झेपावली आणि मी गेले जाळावर!

"वाचलं वं माय दूध!" ती आनंदानं ओरडली. माझं कातडं पापडासारखं कडक झालं होतं, ते कोण बघतो?

भजन संपल्यावर नरसिंगराव म्हणाले, "केशवरावची जागा खाली हाय. कोणी बसते?"

दमयंती उठली. मला चारुशीलाच्या हातून घेऊन ती पुढं आली.

"पोरी, तुले बाबानं शिकवलं?"

"नाही काका. आयकून आयकून घेतलं."

नरसिंगरावांनी रिकाम्या जागेकडे हात केला. "बस मंग. पण हात थांबला की उठाचं. तुह्यासाठी रीत बदलत नसते."

काय वाजवलं तिनं! मृदंगाला असं उत्तर दिलं की शामरावांनी पेटीवरून मान वर केली. ओळ फिरत राहिली, चढत राहिली, आणि ऐन रंगात फट्! मी फाटले. तिची बोटं आरपार गेली.

तिनं हात थांबवला नाही. ती मला नुसतीच हलवत राहिली. पण मृदंग आणि टाळांच्या गजरात माझ्या चकत्या कोणाला ऐकू येणार? आणि ऐकूच आलं नाही, म्हणजे हात थांबल्यातच जमा. मला वाटलं, संपलं. केशवरावांची लेक माझ्यापायी उठणार.

आणि मग शामरावांनी एकच सूर ठेवून बाकीचे सोडले. मृदंगवाला नुसत्या बोटांच्या टोकांवर आला. टाळकऱ्यांनी टाळ मांडीवर ठेवले. नरसिंगराव ती ओळ गुणगुणायला लागले, पाळण्यातल्या लेकरासाठी म्हणावी तशी. सगळा बाजार माझी किणकिण ऐकत होता. कोणी कोणाला खूण केली नव्हती. रीत त्यांनी मोडली नाही, फक्त सगळे हळू झाले. तेवढ्यावर दमयंतीनं बापाचे बोल नुसत्या चकत्यांतून काढले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला डोळे असते तर माझंही तेच झालं असतं.

भजन संपलं तेव्हा नरसिंगराव एवढंच म्हणाले, "हात थांबला नाही. जागा भरली."

दुधाचा पहिला पेला तिला मिळाला. चारुशीला रडत म्हणाली, "म्याच जाळली वं!" दमयंतीनं तिला मिठी मारली. "मरू दे ते कातडं. ते असतं तं हे आयकाले भेटलं असतं का?"

मग मला नवं कातडं चढलं, आणि पुढं कितीतरी कोजागिऱ्या आम्ही त्या जागेवर बसलो. आता दमयंतीच्या बोटांचे सांधे सुजतात. तिनं यंदा जागा सोडली. मी खुंटीवर आहे.

येत्या कोजागिरीला जागा खुली होईल. बाई असा, बुवा असा, या. घाबरू नका. तुम्ही अडलात तर ती माणसं हळू होतील, हा माझा शब्द. फक्त एक विनंती. चारुशीला अजून येते, अजून दुधापाशीच बसते, आणि भजन सुरू झालं की अजून तशीच हरवते. मला शेकायला तिच्याकडे तेवढं देऊ नका.