हसलेले अनारसे

"तूप पिऊन राह्यले बाप्पा हे अनारसे! खानाऱ्यापेक्षा कढईच जास्त खाऊन राह्यली," सासू मनकर्णाच्या कानाशी पुटपुटली. चुलीपुढे दोघी इतक्या खेटून बसल्या होत्या, की न ऐकल्याचं सोंगही करता येईना.

सासूचं, गोदाबाईचं, खरंच होतं. तुपात सोडलेला अनारसा घटकाभर धीर धरायचा, मग कडेनं फाटून कढईभर पसरायचा. अशा अनारशाला आपण हसला म्हणतो.

"पिठात ओल राह्यली तुह्या. लक्ष कुठं होतं वं?"

वीस वर्षांत मनकर्णाचा अनारसा कधी हसला नव्हता. भिजवलेले तांदूळ फडक्यावर पसरले की किती सुकू द्यायचे, हे तिच्या बोटांना कळायचं. माहेरची देणगीच ती. तिचा थोरला भाऊ नत्थुजी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून सांगायचा, कोरडा की ओला. अमरावतीच्या बाजारात व्यापारी त्याच्या हातावर डोळे मिटून माल घ्यायचे.

घ्यायचे. आता नाही.

दर्यापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं जाऊ लागला. मनकर्णाच्या नवऱ्यानं, खुशालरावानं, ज्वारीचं वावरसुद्धा कापसाखाली घातलं. गेल्या माघात कापसाच्या बैलबंड्या भरताना तो म्हणाला, "थोडं पानी मार. वजन भरते. सारेच मारून राह्यले." मनकर्णानं दोन घागरी शिंपडल्या. वरचा थर कोरडा ठेवायची अक्कलही तिचीच. बाजारात नत्थुजीनं बंड्या ओळखल्या, "बहिनीच्या घरचा माल हाये," म्हणाला आणि हात आत घातलाच नाही. पंधरा दिवसांत तो कापूस व्यापाऱ्याच्या कोठारात आतून तापून पिवळा पडला. नत्थुजीचं काम गेलं. त्याला कोणी ढिगाजवळ उभं करीना.

"दव पडलं असंल," खुशालराव तेव्हा बोलला. माघात दव पडतंच, म्हणून साऱ्यांनी ते दवच धरून ठेवलं. नत्थुजीनंही. बहिणीला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. आठ दिवसांमागं मनकर्णा अनारशांसाठी फडक्यावरचे तांदूळ चाचपायला गेली, तर बोटांना तो कापूसच लागला. तिनं हात काढून घेतला आणि तसेच ओले तांदूळ कुटले.

आज भाऊबीज. दरवर्षी छकड्यातून येणारा नत्थुजी यंदा पायीच आला. उपरण्यात खणाची घडी होती, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मनकर्णानं त्याला ओवाळलं. तिची मान वर होईना. ताटात तिनं त्यातल्या त्यात धड असे चार अनारसे मांडले होते. ओवाळून होईस्तोवर त्यांचाही चुरा झाला.

"लाज आनली पोरीनं," गोदाबाई म्हणाल्या. "हे का भावापुढं ठेवाचं?"

"राहू द्या, मावशी. लहानपनी आमी दोघं हेच तर पळवत होतो." नत्थुजीनं चुऱ्याची चिमूट तोंडात टाकली. "गोड हाये वं, मना. साजरं झालं."

खुशालरावाला वाटलं, आपणही दोन शब्द बोलावेत. "औंदा पिठालेही दव लागलं वाट्टे!" बोलून गेला आणि जीभ चावली.

गोदाबाईंनी उगाच चुलीत काडी सारली. कोणी कोणाकडं पाहीना. आधी हसला तो नत्थुजीच. बहिणीच्या घरी सणाच्या दिवशी बसलेला माणूस, त्यानं नाही सावरायचं तर कोणी?

"हाव जवाईबापू," तो म्हणाला, "दवाचं काई सांगता येत नाई. पडते ते पडतेच."

हसता हसता त्यानं तुपाचा उजवा हात धोतराला पुसला, आणि हळूच मांडीखाली दाबून ठेवला. मनकर्णानं ते पाहिलं. करणी तिची, आणि लपून राहिला होता हात त्याचा.

ती ताटासमोर बसली. नवरा डोळ्यांनी नको नको म्हणत होता, सासूनं खोकून पाहिलं.

"दव नोतं, दादा," मनकर्णा म्हणाली. "मीनं मारलं होतं पानी. दोन घागरी. ह्या हातानं."