दोन सूर खाली

इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानावर एक खोली होती. मनोहररावांच्या ऑर्केस्ट्राची तालीम तिथंच चालायची. चारुशीला पहिल्यांदा आली तेव्हा हातात माइक धरला की तिचा आवाज कापायचा. तिला घडवलं ते मुख्य गायिका यमुताईंनी. श्वास कुठं चोरायचा, ढोलकीच्या दणदणाटात आपला सूर कसा धरायचा, समोरचे लोक जेवणात गुंग असले तरी गाणं जीव ओतून कसं म्हणायचं, हे सारं त्यांनी लग्नांच्या मांडवांमधून शिकवलं. तीन वर्षं चारुशीला कोरसमध्येच होती.

गेल्या गणपतीत उमरेडला कार्यक्रम होता. यमुताईंना सडकून सर्दी झालेली. घसा बसला होता, कानांत दडे बसले होते.

"पियुषले सांग वं," त्या चारुशीलेला म्हणाल्या, "शेवटचं गाणं दोन सूर खाली घे म्हणा. वरचा सूर आज नाही लागत मले."

कीबोर्डवाला पियुष चार पावलांवर होता. चारुशीला त्याच्याजवळ गेली, उगाच एक वायर सरकवली आणि परत आली.

"सांगितलं," ती म्हणाली.

गाणं नेहमीच्याच पट्टीत सुरू झालं. दुसऱ्या अंतऱ्यात यमुताईंचा आवाज फाटला. पुढच्या रांगेतून कुणी तरी फिदीफिदी हसलं. चारुशीलेनं ती ओळ उचलली, वरचा सूर अलगद लावला आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. महिन्याभरात मुख्य गाणी तिच्याकडे आली. यमुताईंनी येणंच सोडलं.

चारुशीलेचं नाव होत गेलं. पण श्वास चोरताना, सूर धरताना यमुताईंचाच आवाज कानात यायचा आणि टाळ्या ऐकवेनाशा व्हायच्या. आठ महिने तिनं कसेबसे काढले. मग मे महिन्यात एका दुपारी ती खापरखेड्याच्या कॉलनीत यमुताईंच्या दारात उभी राहिली.

यमुताई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. चारुशीलेनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अडकित्ता थांबला.

"काहून केलं वं?"

"मले समोर उभं राहायचं होतं, ताई."

यमुताईंनी हातातली फोड ताटात टाकली. मग हळू म्हणाल्या, "मले वाटलं, पट्टी उतरवूनही फाटला, म्हणजे गळाच संपला. आठ महिने मी घरात आरतीसुद्धा म्हटली नाही."

चारुशीला पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागं घेतले.

"मले सांगून काय होते? ज्यांच्यासमोर माही फजिती झाली, त्यांच्यासमोर सांग."

सोमवारी तालमीत तिनं सांगितलं. ढोलकीवाल्यानं मान खाली घातली. पियुष म्हणाला, "मी बाजूलेच तर होतो." मनोहरराव उठले आणि त्यांनी तिथूनच यमुताईंना फोन लावला.

पंधरा दिवसांनी यमुताई आल्या. पहिल्या दिवशी आवाज अडखळला, तिसऱ्या दिवशी मोकळा झाला. चारुशीला आपण होऊन कोरसमध्ये गेली. यमुताई तिच्याशी कामापुरतं बोलतात. "तू" म्हणायच्या, आता "तुम्ही" म्हणतात. तेवढं एक चारुशीलेला अजून सोसत नाही.