निळे हात

तीन गाड्या बदलून आम्ही मायलेकी डोंगरातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडांवर पोचलो, तेव्हा माझी बोटं इतकी ठणकत होती की तिथल्या हॉटेलच्या वहीत माझी सहीसुद्धा लेकीनं केली. तीस वर्षं निळीच्या हौदात कापड बुचकळून सांधे पार आखडलेत. डॉक्टर म्हणाले होते, दहा दिवस गरम कुंडात बसा. लेकीला रजा मिळाली चार दिवसांची.

निळीचं काम म्हटलं की हात मनगटापर्यंत निळे. नखं तर विचारूच नका. मला त्याचं काही नाही. लेकीला आहे. कपडे बदलायच्या खोलीत तिनं पिशवीतून हळूच रबरी हातमोजे काढले.

"आई, घाल ना. लोक बघतात."

"बघू देत की! मोजे घालून बसायचं तर घरी बादली नव्हती?"

तिनं तोंड फिरवलं. शाळेतही मला ती फाटकाबाहेरच थांबवायची. मी हॉटेलनं दिलेला कोरा लाल झगा चढवला आणि तरातरा निघाले.

कुंडाच्या काठावर व्यवस्थापक आडवा आला. "बाई, हातांना काय लागलंय?"

"काही नाही. रंगारी आहे मी."

"मग उतरता येणार नाही." त्यानं 'अंगाला रंग असल्यास उतरू नये' अशी पाटी दाखवली. "आठवडाभर पाणी गुलाबी होतंय. कुणीतरी रंग लावून उतरतंय. हवं तर हातमोजे घाला."

लेकीनं मोजे पुढे केलेच!

"अहो, निळ्या हातांतून गुलाबी रंग काढायला मी जादूगार आहे का?"

कुंडात गळ्यापर्यंत बुडालेले एक आजोबा खो खो हसले. "येऊ द्या हो त्यांना, पाणी निवतंय!"

"नियम म्हणजे नियम," व्यवस्थापक म्हणाला.

तेवढ्यात काठावरच्या फरशीकडे माझं लक्ष गेलं. आजोबांनी आपला तसलाच लाल झगा तिथंच टाकला होता, त्याचं एक टोक पाण्यात लोंबत होतं, आणि पांढऱ्या फरशीवर गुलाबी ओघळ. मला हसूच आलं.

"एक पांढरं घमेलं आणा. याच कुंडातलं पाणी भरून."

माझा आवाज हौदावर काम करून मोठाच झालाय. घमेलं आलं. मी खाली फतकल मारली आणि दोन्ही हात आत घातले. सांधे असे सैल झाले की दोन मिनिटं मी भांडणच विसरले. आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दहा मिनिटं मोजली. हात बाहेर काढले. पाणी जसं होतं तसं.

मग मी माझ्या झग्याचा पट्टा त्यात सोडला. बघता बघता घमेलं डाळिंबाच्या रसासारखं झालं.

"रंग दिल्यावर कापड तीन पाण्यांतून काढायचं असतं," मी म्हणाले. "हे एकातूनही काढलेलं नाही. लबाडी झग्यांची आणि पाटी माझ्यासाठी होय?"

व्यवस्थापकानं पाटी उचलून काखेत मारली. आवाज एकदम लोण्यासारखा. "मॅडम, मग या साठ झग्यांचं काय करायचं?"

"उद्या विचारा. आत्ता मी आजारी आहे."

झगा त्याच्याच हातात देऊन मी पायऱ्या उतरले. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. आजोबा सरकून बसले. मी दोन्ही हात काठावर ऐसपैस पसरले, नखं वर करून. जाणारेयेणारे बघत होते.

मागून लेक उतरली. मोजे काठावरच राहिले होते. माझ्याजवळ येऊन बसली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "आई, हात आत घे आता. दाखवून झालं."

"थांब गं," मी म्हटलं. "त्या कोपऱ्यातल्या बाईंनी अजून बघितले नाहीत."