ळ येईपर्यंत

विद्याधरांनी ताटातला रवा हलवून सपाट केला आणि ताट गंधालीपुढे सरकवलं.

"काढ."

तिने बोट टेकवलं. एक वाटोळं, त्याला लागून दुसरं, वर आडवी रेघ. रेघ जरा लांबली, पण अक्षर ठसठशीत आलं.

"आता म्हण. जीभ मागे दुमडायची, टाळूला टेकवायची आणि सोडायची."

"ळ," गंधाली म्हणाली. "बाळ. नळ. कमळ. आजोबा, ळने सुरू काय होतं?"

"काहीच नाही. तो मधे येतो, नाहीतर शेवटी."

तिला ते पटलं असावं. तिने तळहाताने रवा पुसला. "मग आता क्ष आणि ज्ञ. मग झालं."

विद्याधरांचा हात ताटाच्या काठावर तसाच राहिला.

गंधाली तिसऱ्या मजल्यावरच्या निलेश आणि मानसीची मुलगी. दोघांची ऑफिसं अंधेरीला, मुलुंडला परतायला संध्याकाळचे सात वाजून जात. इंग्रजी शाळेतल्या आपल्या मुलीला निदान दुकानांच्या पाट्या तरी वाचता याव्यात, एवढीच मानसीची अपेक्षा होती. म्हणून दुपारी झोप झाली की मुलीला सांभाळणारी मालन तिला पहिल्या मजल्यावर विद्याधरांकडे सोडायची आणि स्वयंपाकाला वर जायची. "अक्षरं झाली की तिला अबॅकसला घालणार आहोत, काका. तोवर तुम्हाला त्रास," असं मानसीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा अ पासून ज्ञ पर्यंतचा रस्ता फार लांबचा वाटला होता.

"अजून नीट नाही आलं," विद्याधर म्हणाले. "उद्या परत ळच."

गंधालीने वर बघितलं. "नाही आलं?"

"थोडं राहिलंय."

असं काही म्हणायचं त्यांच्या मनात नव्हतं. तोंडून गेलं, आणि ती मुकाट्याने चप्पल घालून गेल्यावरही त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. मुलांकडून एखादं अक्षर दोनदा गिरवून घेतलं तर बिघडलं कुठे.

दोनदाचं चारदा झालं. रव्यानंतर कणकेचा ळ झाला, मग खडूने फरशीवर मोठा ळ काढून त्याच्यावरून चालणं झालं. धडा संपला की लाडू, आणि लाडवाबरोबर वर्गातल्या पोरांच्या तक्रारी. ती गेली की घर पुन्हा होतं तसं व्हायचं. पत्नी जयंतीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा ओजस कॅनडात, रविवारी फोन करायचा आणि हवेची चौकशी करायचा. संध्याकाळी विद्याधर बातम्या लावत आणि आवाज मोठा ठेवून स्वयंपाकघरात जात.

एकदा जिन्यात मानसी भेटली.

"काका, किती राहिलं हो तिचं?"

"ळ जरा जड जातोय."

पायरी चढता चढता ती थांबली. "म्हणजे? बोलण्यात प्रॉब्लेम आहे का काही?"

"नाही गं. येईल सावकाश."

तिने मान हलवली, पण ती लगेच वर गेली नाही. लॅपटॉपची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभी राहिली. विद्याधरांनी किल्ली शोधण्याच्या निमित्ताने पाठ वळवली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी विचारलं, "आज केळं खाणार की लाडू?"

"बनाना."

त्यांनी केळं सोलून दिलं. खाता खाता ती म्हणाली, "आजोबा, तुमचा किचनमधला टॅप गळ..." आणि थांबली. मग म्हणाली, "टॅपमधून पाणी पडतंय." चित्र रंगवायला बसली तेव्हा खडूंच्या डब्यात बोट फिरवत पुटपुटली, "ब्लू कुठाय?"

विद्याधर नळ बंद करायला उठले होते, ते दारातच थांबले.

"निळा म्हण ना गं."

तिने ओठ मिटले.

"गंधाली?"

"ते मला येत नाही."

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच." ती फ्रॉकची कड बोटांनी गुंडाळत होती. "माझी जीभ नीट फिरत नाही. मम्मी रोज आरशासमोर बसवते. सॅटरडेला घाटकोपरच्या डॉक्टर आंटीकडे जायचंय. शाळेत..." ती अडखळली. "स्कूलमध्ये मी बोलतच नाही. मग कुणाला कळत नाही."

शेवटच्या वाक्यात, 'कळत'मध्ये, ळ आला होता, स्वच्छ, टाळूला टेकून सुटलेला. तिच्या ते लक्षात आलं नाही. विद्याधरांच्या आलं.

त्या संध्याकाळी त्यांनी बातम्या लावल्या नाहीत. मानसीची पावलं जिन्यात वाजली, वर दार उघडलं, मिटलं. तिला चहा घेण्याएवढा वेळ दिला आणि कठड्याला धरत ते दोन मजले चढले.

दार मानसीनेच उघडलं. "काका? तुम्ही वर? या ना आत."

"आत नको. डॉक्टरकडे नेऊ नकोस तिला. तिला ळ येतो."

"आला? कधी?"

"पहिल्याच दिवशी आला होता."

मानसीच्या चेहऱ्यावर आलेलं हसू अर्ध्यातच थांबलं. "मग इतके दिवस तुम्ही..."

"मीच नाही म्हणत होतो."

"पण का, काका? ती रात्री झोपेपर्यंत जीभ वळवत बसते."

वाटेत त्यांनी दोन-तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता चालण्यासारखं नव्हतं.

"दुपारी घरात कुणी नसतं," ते म्हणाले.

मानसीच्या मागून गंधाली पुढे आली होती आणि आईच्या कुर्त्याला धरून उभी होती.

"म्हणजे मला येतो?"

"येतो. माझं चुकलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

तिने तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि मिटून घेतलं. विद्याधर थांबले. मानसीही थांबली. पण गंधाली आत निघून गेली.

"अबॅकसची नवी बॅच सोमवारपासून आहे," मानसी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"हो. घाल तिला."

सोमवारी नेहमीच्या वेळी ते बाहेरच्या खोलीत बसले होते. मालनची आणि छोट्या सँडलची पावलं वरून खाली येऊ लागली. पावलांबरोबर तिचा आवाजही येत होता, दिसेल त्या वस्तूला हात लावत, स्वतःशीच.

"कुलूप. नाही. पिवळा डबा. आहे."

"अगं चल, उशीर होतोय," मालन म्हणाली.

आवाज पहिल्या मजल्यावर पोचला. विद्याधर उठून दारापर्यंत गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. बाहेरून लोखंडी दारावर बोट ओढल्याचा खर्रकन आवाज झाला.

"जाळी," ती म्हणाली. आणि परत, जीभ पुरती मागे नेऊन, "जा-ळी. आहे."

बेल वाजली नाही. त्यांनीही कडी काढली नाही.

"पायरी," आवाज एक पायरी उतरला. "पायरीत नाही."

मग पुढची पायरी, आणि त्याच्या पुढची.