छंदाच्या रकान्यातली केट

केटला न्यायला डॅरल आला तेव्हा तामेहाना पिकअपच्या चाकाशी पाना घेऊन बसला होता. चाकाला काहीएक झालं नव्हतं.

मेरेआनाने टेबलावर नोटा मोजून घेतल्या. दोन हजार डॉलर. डॅरल समुद्राकडच्या अंगाला राहायचा, त्याच्याकडे मेंढ्या होत्या, पैसा होता आणि केटवर त्याचा डोळा तीन वर्षांपासून होता. रानडुकराचा माग काढणारी अशी कुत्री सगळ्या खोऱ्यात नव्हती. दोन ओढे पलीकडचं डुक्कर तिला वासावर कळायचं. डॅरलने गाडीचं मागचं फळकूट खाली केलं मात्र, केट आपणहून टुणकन आत चढली. शिकारीलाच निघालोय असं वाटलं बिचारीला. शेपूट हलत होतं.

"बघ, तिला काही वाईट वाटत नाहीये," मेरेआना मोठ्याने म्हणाली.

पोराने पाना दुसऱ्या हातात घेतला.

तामेहाना तिचा धाकटा. जंगलतोडीच्या टोळीवर कामाला. पाइनच्या ओंडक्यांचा भाव पडला तशी टोळी आठवड्याला तीनच दिवस चालायला लागली. थंडी तोंडावर, विजेचं बिल दोन महिन्यांचं थकलेलं, आणि पिकअपची तपासणी झाली नाही तर पोलीस ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत. नवरा गेल्यापासून घराच्या चाव्या मेरेआनाच्या कमरेला. तामेहाना पगाराचं कार्डसुद्धा तिच्याकडेच देऊन टाकायचा. चौतीस वर्षांचा बाप्या, पण आईसमोर गाय.

म्हणून मागच्या महिन्यात तिने गावातल्या खर्चाचा मेळ बसवून देणाऱ्या बाईला घरी बोलावलं. बाई गोड होती, चहाबरोबर तीन बिस्किटं खाल्लीन्. कागदावर रकाने आखत विचारलं, "हे कुत्र्यांचं खाणं, पेट्रोल, काडतुसं, जनावरांच्या डॉक्टरचे टाके. हे कशात धरू?"

"डुकराची शिकार करतो माझा मुलगा."

"मांस घरात किती येतं?"

आता खरं सांगायचं तर घरात यायचा एक फरा, फार तर मुंडकं. बाकीचं वाटेतच वाटलं जायचं. म्हाताऱ्या हिरीनीच्या दारात एक तुकडा, शाळेच्या वळणावरच्या बाळंतिणीकडे एक, आणि कुणाचं मयत असलं की अख्खं जनावर मराएवर, म्हणजे जमातीच्या सभाघरी. पण परक्या बाईसमोर 'आम्ही वाटून टाकतो' असं सांगायची मेरेआनाला लाज वाटली. विजेचं बिल थकलेलं आणि दानशूर कर्ण!

"छंद म्हणून धरा," ती म्हणाली. "दारू पीत नाही, जुगार खेळत नाही. हा एवढा छंद."

बाईने छंदाच्या रकान्यात पंधरवड्याला चाळीस डॉलर बसवले. चाळीसात दोन कुत्री पोसून रान कसं हिंडायचं हे त्या कागदाला कोण विचारणार? एक कुत्रं जायलाच हवं होतं. दुसरं कुत्रं बॉस, त्याला गिऱ्हाईक मिळेना. तो नुसता पकडणारा. डोळ्यांसमोर डुक्कर दिसलं की कानाला लोंबकळायचं, एवढीच त्याची अक्कल. माग काढणारी केट, भुंकून डुकराला जागच्या जागी थोपवणारीही केटच. म्हणून केट गेली.

पगाराच्या दिवशी मेरेआनाने चाळीस डॉलर खिडकीतल्या काडतुसांच्या डब्याखाली ठेवले. विजेचं निम्मं बिल भरलं. केटचे उरलेले बाराशे तपासणीसाठी चोळीत. आपण घर कसं ताळ्यावर आणलं, असं म्हणत ती त्या रात्री सुखाने झोपली.

आणि पुढच्याच आठवड्यात हूरिया गेली.

हूरिया तिची थोरली नणंद. बोलणं फटकळ, पण खोऱ्यातल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापलेली. तीन दिवस मराएवर देह राहणार, माणसं ऑस्ट्रेलियातून येणार, आणि आल्या माणसाला पोटभर घालायचं. सकाळीच पारेकुराचा फोन. पारेकुरा म्हणजे मराएच्या स्वयंपाकघराची राणी. मेरेआनाचं आणि तिचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

"मेरे, मेंढरं आलीत, मासळी येतेय. तामेहानाला म्हणावं, दोन डुकरं टाक. आत्याच्या मातीला रिकाम्या हाताने येऊ नको."

"आमच्या घरातलं कुणी रिकाम्या हाताने आलंय कधी?" मेरेआना फणकारली आणि फोन ठेवला.

तामेहाना दारातच उभा होता. "कशाच्या जिवावर हो म्हणालीस, मा?"

"बॉस आहे ना?"

"बॉसला स्वतःचं शेपूट सापडत नाही."

"मग डॅरलकडून केट मागून आण एका दिवसापुरती."

"विकलेलं कुत्रं मागायला मी नाही जायचा," तो हळूच म्हणाला. "तुला जायचं तर जा."

तिचेही पाय डॅरलच्या दाराकडे वळेनात. ती गेली सुपरमार्केटात. चोळीतून दोनशे काढले आणि डुकराच्या मांसाच्या, दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या घेतल्या. गाडीत बसून एकेका गुंडाळीचं प्लास्टिक फाडलं, भावाच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि सगळं जुन्या चादरीत बांधून मराएच्या मागच्या दाराने आत नेलं.

पारेकुराने चादर सोडली. बायका रताळी सोलायच्या थांबल्या.

"अगं बाई," पारेकुरा म्हणाली, "याला मुंडकं नाही, खूर नाहीत, एक केस नाही. रानात न्हाव्याचं दुकान निघालं काय?"

"आणि दोरा बघ," दुसरी म्हणाली. "कमरेला करगोटा बांधून फिरत होतं!"

हसू सगळीकडे पसरलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्यांपर्यंत गेलं. मेरेआनाही हसली, हसणं भाग होतं. पण कान तापले होते. हसून झाल्यावर पारेकुरा तिच्याजवळ आली आणि कुणाला ऐकू न जाईल असं म्हणाली, "अडचण होती तर सांगायचं होतंस. हूरियाच्या नावाने आम्ही सांभाळून घेतलं असतं." ते चिडवणं परवडलं, ही कणव परवडली नाही.

सरपण घेऊन आलेला तामेहाना दारात होता. त्याने सगळं ऐकलं. लाकडं खाली ठेवली, हात झटकले आणि निघाला.

"कुठे रे?"

"आत्यासाठी डुक्कर आणतो."

"अरे पण केट…"

तो वळला. पहिल्यांदाच त्याने आईकडे सरळ बघितलं.

दिवसभर ती रताळी सोलत राहिली. पाहुणे आले, रडणी झाली, पंगती उठल्या. तिच्या कानांना फक्त गाडीचा आवाज हवा होता.

ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा पिकअप आली. मागे कमरेएवढं काळं रानडुक्कर, सुळे बोटभर. पोरं ओरडत धावली. तामेहाना मात्र खाली उतरला नाही. मेरेआना खिडकीशी गेली. शेजारच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेला बॉस होता. पोतं गळ्यापासून पोटापर्यंत लाल.

"ओढ्याच्या कडेला उकरलेलं ताजं दिसलं म्हणून सोडला," तो समोर बघत म्हणाला. "थोपवायला कुणी नव्हतं. हा सरळ आत घुसला. डुक्कर झुडपात तोंड इकडे करूनच उभं होतं."

पोरांनी डुक्कर उतरवून घेतलं. मेरेआना गाडीत चढली, बॉसचं डोकं मांडीवर घेतलं. काळ्या घागऱ्याची पर्वा केली नाही.

"गावातल्या डॉक्टरकडे चल."

"हजाराच्या खाली हात लावणार नाही तो. तुझा कागद…"

"कागदाला आग लाव! हजार आहेत माझ्याकडे. केटचेच आहेत. चल म्हणते ना!"

वळणावळणाचा रस्ता. ती बॉसच्या कानामागे बोटं फिरवत होती. या कुत्र्याला तिने आजवर झाडूशिवाय कशाने शिवलं नव्हतं. "थांब रे बाबा, आलंच गाव," असं काहीबाही बोलत होती. एकेरी पुलाशी समोरून लाकडाचा ट्रक येत होता म्हणून तामेहानाने गाडी थांबवली. ट्रक गेला. तिच्या बोटांखालचा श्वासही गेला होता.

तिची बोटं थांबली. त्याला ते कळलंच. त्याने इंजिन बंद केलं, पुलाखालच्या पाण्याकडे बघितलं.

"पैसे वाचले, मा," तो म्हणाला.

टोमणा असता तर तिने परत फेकला असता. आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्याने ते सरळ, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हूरियाला माती दिली. तामेहानाचं डुक्कर जमिनीतल्या भट्टीत शिजलं, ऑस्ट्रेलियातल्या भाच्यांनी बोटं चाटली, पारेकुराने सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं. डुकराचा जबडा रीतीप्रमाणे शिकाऱ्याला दिला. तामेहानाच्या शेडच्या भिंतीवर तसे वीसेक जबडे ठोकलेले होते. हा त्याने ठोकला नाही. घरामागे बॉसला पुरलं, त्या खड्ड्यात टाकला.

पिकअपची तपासणी झाली. वीजही पूर्ण भरली गेली. खर्चाची बाई पुन्हा आली तेव्हा म्हणाली, "मेरेआनाबाई, तुमच्यासारखं काटेकोर घर मी पाहिलं नाही." एरवी हे वाक्य मेरेआनाने महिनाभर गावाला ऐकवलं असतं. तिने बाईला चहासुद्धा विचारला नाही.

पगाराच्या दिवशी तिने चाळीस डॉलर डब्याखाली ठेवले. पुढच्या पगाराला पाहते तर आधीचे तिथेच. तिने त्यावर आणखी चाळीस ठेवले.

तामेहाना कामावरून आला, बूट दाराशी काढले, ताटावर बसला. पूर्वी या वेळी मागे दोन कुत्री खाण्यासाठी घर डोक्यावर घ्यायची आणि ती ओरडायची, 'गप्प करा रे त्या मेल्यांना!'

"ते खिडकीतले घे की रे," ती म्हणाली.

"लागत नाहीत, मा."

"डॅरलच्या केटला पिल्लं होणारेत म्हणे. मी जाते त्याच्याकडे. मी मागते."

त्याने पावाचा तुकडा रश्शात बुडवला. तिला वाटलं, आता हो म्हणेल.

"मीठ दे," तो म्हणाला.