मुलं कोण सांभाळणार?

त्या रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या लक्ष्मीकांतराव वकिलांच्या कचेरीत दोन उमेदवार बसले होते आणि शिष्यवृत्ती एकच होती. बडोद्यातल्या काही सुखवस्तू मराठी कुटुंबांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. दर वर्षी एका होतकरू उमेदवाराला अहमदाबादच्या मेडिकल स्कुलात पाठवायचं, चार वर्षांचा खर्च मंडळाने सोसायचा आणि शिकून आल्यावर त्या उमेदवाराने संस्थानातच लोकांना औषधपाणी करायचं, असा नियम होता. निवड तिघे करत. दत्ताजीराव अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे सहसा कोणी बोलत नसे. दुसरे वकीलसाहेब, आणि तिसरे मंडळाचे चिटणीस दिनकरराव, सरकारी कचेरीत कारकून.

गुणवंतरावांना आधी आत बोलावलं. तेही कारकूनच, तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेले, तीन मुलांचे बाप. दत्ताजीरावांनी त्यांच्या वडिलांची चौकशी केली, इंग्रजीचा एक उतारा वाचून घेतला आणि पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर पाठवलं.

मग नीराबाई आल्या. वय सव्वीस, मुलींच्या शाळेत शिक्षिका. यजमान वामनराव चित्रकलेचे मास्तर. दोघांच्या पगारात घर जेमतेम चाले, शिष्यवृत्तीवाचून अहमदाबादचं नाव काढणं शक्य नव्हतं. नीराबाईंनी मॅट्रिकचा अभ्यास लग्नानंतर केला होता, तोही मुलगी अंगावर पीत असताना, आणि पहिल्याच खेपेला उत्तम गुणांनी पास झाल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा उतारा कोणी वाचायला दिला नाही.

दत्ताजीरावांनी विचारलं, "मुलगी केवढी?"

"तीन वर्षांची."

"मग तिला कोण सांभाळणार?"

नीराबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. वामनरावांची शाळा सकाळची, दुपारनंतर ते घरीच असत. सकाळच्या वेळेला खालच्या बिऱ्हाडातल्या जमनाबेन मुलीला ठेवून घ्यायला कबूल होत्या. दर शनिवारी नीराबाई स्वतः गाडीने बडोद्याला येणार होत्या. मुलगी आजारी पडली तर कोणाला बोलवायचं, तेही ठरलं होतं.

दत्ताजीराव हसले. "म्हणजे पुरुषाने पोर खेळवायचं आणि आईने तिकडे मुडदे फाडायचे!"

वकीलसाहेबही हसले. दिनकररावांनी मान खाली घातली, पण हसू त्यांनाही आलंच होतं.

नीराबाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, "बाहेर बसलेत त्या गुणवंतरावांना तीन मुलं आहेत. हे त्यांना विचारलंत?"

"बाई, तुम्ही इथे मागायला आला आहात. आम्हाला जाब विचारायला नाही."

नीराबाई नमस्कार न करता निघून गेल्या. दत्ताजीराव सांगत गेले आणि दिनकररावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अर्जदार लहान मुलीची आई असल्याने तिच्या हातून अभ्यास तडीस जाणार नाही, सबब अर्ज नामंजूर.' शिष्यवृत्ती गुणवंतरावांना द्यायचं ठरलं आणि पुढच्या रविवारी त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

दुपारी जेवताना दिनकररावांनी ही हकीकत बायकोला रंगवून सांगितली. रमाबाई वाढत होत्या. नीराबाईंनी उलट प्रश्न केल्याचं ऐकलं तेव्हा त्यांचा हात थांबला. भाताचं भांडं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तिने खरं तेच विचारलं. आणि तुम्ही हसलात?"

इतक्या वर्षांत बायको असं बोलल्याचं दिनकररावांना आठवत नव्हतं. ते काही म्हणणार, तेवढ्यात रमाबाईंनी सहा वर्षं मनात दाबून ठेवलेलं सांगून टाकलं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणापासून त्यांचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. पाण्याची घागर उचलली की ओटीपोटात कळ यायची, चुलीपुढे धड बसवत नव्हतं. एकदा शेजारणीबरोबर त्या दवाखान्यात गेल्याही होत्या. गावात बायकांना तपासणारी डॉक्टर म्हणजे एकच गोरी मडम, आणि तिला ना मराठी येत होतं ना गुजराती. मडम इंग्रजीत विचारायची आणि मध्ये उभा असलेला कंपाउंडर ते मराठीत सांगायचा. परक्या पुरुषाच्या तोंडून असले प्रश्न ऐकल्यावर रमाबाईंनी पोटात दुखतं एवढंच सांगितलं आणि ओव्याच्या अर्काची बाटली घेऊन घरी परत आल्या.

दिनकरराव म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत? सहा वर्षं मी घागर दोन्ही हातांनी ओढत आणते. ते या घरात कोणाला दिसलं नाही. आपल्या भाषेत बोलणारी एक बाई डॉक्टर होऊन येत होती. तिलाही तुम्ही घरी पाठवलंत. वर तुमच्याच अक्षरात."

दिनकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. महाराजांच्या राज्यात मुलींनाही शाळा चुकत नाही, असं ते पुण्याच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगत. त्याच मुलींना शाळेत शिकवणारी बाई आज दारात उभी राहिली, तर आपण तिला हसलो! त्यांना दत्ताजीरावांचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते रावपुऱ्यात नीराबाईंच्या घरी गेले. बायकोचं दुखणं कसंबसं सांगितलं आणि दवाखान्यात तिच्या सोबतीला येऊन मडमशी इंग्रजीत बोलाल का, असं विचारलं.

नीराबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. "काल मी आई होते म्हणून नालायक ठरले. आज तुमच्या घरी गरज पडली, तर माझी मुलगी आड येत नाही का?"

वामनराव काही बोलू पाहत होते, त्यांना नीराबाईंनी हातानेच थांबवलं आणि म्हणाल्या, "मी येईन. ते तुमच्यासाठी नाही. उद्या तीन वाजता त्यांना घेऊन या."

मुलीला कडेवर घेऊनच त्या दवाखान्यात आल्या. कंपाउंडरला त्यांनी खोलीबाहेर पाठवलं. मडमचा प्रत्येक प्रश्न त्यांनी रमाबाईंना अगदी हळू आवाजात विचारला आणि उत्तर मडमला इंग्रजीत नीट समजावून दिलं. मडमने तपासून अंग आत धरून ठेवणारं रबराचं एक कडं बसवून दिलं आणि जड उचलायला मनाई केली. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि त्यासाठी रमाबाईंनी सहा वर्षं कळा सोसल्या होत्या.

घरी येताना टांग्यात रमाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "रविवारी सभेत माझं दुखणं सांगायची वेळ आली तर सांगा. माझी काही हरकत नाही."

रविवारी शिष्यवृत्तीच्या करारावर सही करायला गुणवंतरावही हजर होते. दत्ताजीरावांनी कागद पुढे केला. दिनकररावांनी सही केली नाही. ते गुणवंतरावांकडे वळले.

"तुम्ही चार वर्षं अहमदाबादला राहणार. मुलं कोण सांभाळणार?"

गुणवंतराव गोंधळले. "मुलं? त्यांची आई आहे ना."

"आणि ती आजारी पडली तर?"

"तसा काही विचार केला नाही."

"नीराबाईंनी केला होता. तासातासाचा केला होता. आपण तो ऐकला आणि हसलो."

दत्ताजीराव कडाडले की हे मंडळ आहे, बायकांची मंगळागौर नव्हे. तेव्हा दिनकररावांनी घरची हकीकत सांगितली. एक शब्दही गाळला नाही. त्यांनी विचारलं, "माझ्या घरात सहा वर्षं हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. तुमच्या घरात काय चाललंय, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

दत्ताजीरावांनी तोंड फिरवलं. वकीलसाहेबांनी तो कागद ओढला, नामंजुरीची ओळ खोडली आणि एवढंच म्हणाले, "माझं मत नीराबाईंना." कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि ते विचारायचं धाडस दिनकररावांना झालं नाही.

दत्ताजीराव उठून गेले. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसांत आपण बसत नाही, असं ते पुढे सगळीकडे सांगत. मंडळात ते पुन्हा आले नाहीत. गुणवंतरावांनी मात्र पुढच्या वर्षी परत अर्ज केला, आणि त्यात मुलांची व्यवस्था काय, हेही लिहिलं होतं.

नीराबाईंची चार वर्षं सोपी गेली नाहीत. दुसऱ्या वर्षी मुलीला गोवर आला. वामनराव दहा दिवस तिच्या उशाशी बसून होते. त्याच वर्षी नीराबाई शरीरशास्त्रात नापास झाल्या. गावात लोक म्हणाले, बघा, आम्ही सांगतच होतो. गावातले पुरुष नापास झाले की असं कोणी म्हणत नसे. नीराबाईंनी रागाने पुन्हा अभ्यास केला, पास झाल्या आणि डॉक्टरीण होऊन बडोद्याला आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दारात बायकांची रांग लागली. कितीजणी तरी वर्षानुवर्षांचं दुखणं पदराखाली झाकून आल्या होत्या.

नागरिकहो, मुलं कोण सांभाळणार, हा प्रश्न वाईट नाही. मूल असलेल्या घरात तो विचारायलाच हवा. पण आपण तो बाईला विचारतो, पुरुषाला विचारत नाही, आणि तिने उत्तर दिलं तरी ऐकून घेत नाही. हा अन्याय आहे. शिकू पाहणारी आई तुमच्या दाराशी आली तर तिला हा प्रश्न टाकून परत पाठवू नका. तिचं मूल चार तास तुमच्या घरी ठेवून घ्या. तेही जमत नसेल, तर निदान हसू तरी नका.