कामगार सभागृहातली तांब्याची किटली

मी एक जुनी तांब्याची किटली आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात, सुपीरियर सरोवराकाठी, फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांनी बांधलेल्या सभागृहात मी राहते. इसाक निएमी नावाच्या तांबटाने मला घडवलं.

मित्रांनो, माझं तारुण्य संपात गेलं. खाणी बंद असताना हेल्मी नावाची एका खाणकामगाराची बायको माझ्यात कॉफी उकळायची. रांगेत कुणी घुसला की म्हणायची, "मागे हो रे. जिच्या कडेवर पोर आहे, तिला आधी." जे सगळ्यांच्या घामातून निघतं त्यात सगळ्यांचा शब्द हवा, अशी भाषणं तिथे व्हायची. मला भाषणांपेक्षा हेल्मीची रांग जास्त कळायची.

पुढे खाणी मंदावल्या, माणसं पांगली. मला फळीवर ठेवून माझ्यात प्लॅस्टिकची फुलं खोचली. हेल्मीचा नातू तोइवो सभागृहाचा अध्यक्ष झाला. "तो समाजवाद आजीबरोबरच गेला," असं म्हणत त्याने इमारत एका हॉटेलवाल्याला विकायचं ठरवलं.

त्याच हिवाळ्यात सोमालियाहून आलेली होदान सभागृहात आली. गावाबाहेरच्या गोदामात ती खोकी भरायची. तिने रविवारसाठी सभागृह मागितलं.

"लग्न आहे का?" तोइवोने विचारलं.

"नाही काका. लघवीला जायला वेळ मिळावा म्हणून आम्हा कामगारांची सभा घ्यायचीय. यंत्र आमचं मिनिट न् मिनिट मोजतं. आमच्यातली इदिल गरोदर आहे, ती दिवसभर पाणीच पीत नाही."

तोइवोने तिच्यासाठी खुर्ची ओढली. मग आजीच्या वेळची भाषणं त्याने तिला चार वाक्यांत सांगितली, आणि त्याला समाजवाद म्हणायचे हेही सांगितलं. होदान हसली. "हे आम्हाला रोजच कळतं. याला नाव आहे, हे माहीत नव्हतं."

चहासाठी मोठं भांडं हवं होतं, म्हणून तोइवोने मला खाली काढलं. आत डोकावला आणि म्हणाला, "हिची कल्हई गेलीय. यातलं कुणी प्यायलं तर आजारी पडेल." त्याने मला शहरात नेऊन कल्हई करून आणली. रविवारी माझ्यात वेलची घातलेला सोमाली चहा उकळला. त्या दिवशी ठरलं, की इदिल थांबली की सगळ्यांनी हात थांबवायचे.

आणि ते थांबले. मालकाने आधी धमकावलं, दोघींना कामावरून काढलं. बर्फात फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसांसाठी तोइवो मला गाडीत घालून नेत असे. शेवटी विश्रांतीची मिनिटं मोजणं बंद झालं. एकीला परत घेतलं, दुसरीला नाही. तिच्यासाठी सभा अजून भरतात. हॉटेलवाल्याला तोइवोने नकार कळवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील, जुने विचारही असतील. त्यांना फुलं खोचून फळीवर ठेवू नका. पण आहेत तसे तोंडालाही लावू नका. आधी आत नीट बघा, कल्हई करा, आणि मग खुशाल चुलीवर चढवा.